सू लागली, तेही इंग्लिशमध्ये सांग

गुड्डीले इंग्लिश शाळेतून काढून गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत काऊन टाकलं, हे सारेच विचारून राहिले ना? मग ऐका.

एक दिवस पोरगी गोंदियाहून व्हॅननं आली ते रडतच. फ्रॉक ओला. माह्या बायकोनं, सुनितानं, जवळ घेतलं तं म्हणते, "मॅडमले म्हटलं, सू लागली. त्या म्हणे, इंग्लिशमध्ये सांग. मले नाई आलं. मग सारे हासले."

पहिलीतली पोर ते! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही शाळेत गेलो. मोठ्या मॅडम हसतच म्हणाल्या, "देखिए, आदत डालनी पड़ती है. घर में भी ये गाँव की बोली बंद कीजिए."

माह्या तं डोक्यात तिडीकच गेली. पण माह्याआधी सुनिताच बोलली, "मॅडम, तुमाले लागते तवा तुमी पयले इंग्लिश आठवत बसता का?"

मॅडमचं हसू गेलं. "ये क्या तरीका है बात करने का?"

"माह्या पोरीले भर वर्गात ओली बसवली, तो कोणता तरीका होता?" सुनिताचा आवाज पार फाटकापर्यंत गेला. "दाखला काढा तिचा. आत्ताच."