कलमाखालचा फुटवा

...नाही शंतनू, ती शेड नाही, वायनरी आहे ती. म्हणजे व्हायची होती. आता तिथं बर्फ काढायचा स्नो-ब्लोअर असतो. काका म्हणालास ना मला, मग घर घेण्याआधी एजंट सांगणार नाही ते ऐक. जमीन दिसते छान. श्रूजबरीच्या टाउनहाउसमधून आलेल्या माणसाला तर फारच छान दिसते, मलाही दिसली होती. दोन हजार एकला कंपनीनं नारळ दिला आणि मी ठरवलं — पुरे झालं कोडिंग, आता वाइन करायची. रत्ना म्हणाली, तुम्हाला द्राक्षांतलं काय कळतं? म्हटलं, मी तासगावचा. तासगावचा खरा, पण वडील पोस्टात. द्राक्षाशी संबंध एवढाच, की बागाईतदारांची पोरं माझ्या वर्गात होती.

तर लाल वाइनची जात कुठली लावायची? नर्सरीच्या कॅटलॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं — इथल्या थंडीला संकरित जाती घ्या. मी घेतली कॅबर्ने. का? मला तेवढंच नाव धड उच्चारता येत होतं, आणि पार्टीत सांगायला बरं, आमची कॅबर्नेची बाग आहे. त्या जातीला पिकायला लांब उन्हाळा लागतो रे, आणि आपल्याकडे सप्टेंबर संपतो न संपतो तोच गारठा. घड आले ते आंबटढाण. रत्नानं लोणचं घालून पाहिलं. मग एक भयंकर हिवाळा आला आणि वेली जमिनीपर्यंत मेल्या.

पण वसंतात बुंध्यातून फुटवे आले — मी नाचलोच. माणसं बोलावली, पोहे खाऊ घातले, म्हटलं, बघा कॅबर्नेची जिगर. उन्हाळाभर बांधलं, छाटलं, खत घातलं. शेवटी रत्ना म्हणाली, अहो, याचं पान वेगळं कसं? वेगळंच असणार, कलमाच्या खालून फुटलेलं ते. वरची कॅबर्ने कधीच गेली होती, मी लाडानं वाढवत होतो तो खालचा जंगली खुंट. रत्ना इतकी हसली की गवतातच बसली.

मग पिनो न्वार. लवकर पिकते, थंड हवेची राणी, सगळं खरं — फक्त ती थंडी फ्रान्सची. आणि लावली कुठे? उताराच्या तळाशी, नळ जवळ पडतो म्हणून. गार हवा पाण्यासारखी उतरून तळाशी साचते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. कोंब फुटले आणि मे महिन्यात फ्रॉस्ट — दंव गोठून कोंब जळतात तो. पहाटे रत्ना घरातल्या सगळ्या चादरी घेऊन खाली आली, गुडघे धरलेले असताना — वेलींना पांघरूण घालत म्हणाली, लेक निधी तिकडे लांब फ्रीमाँटला बाळंतीण, आणि मी इथं या बयांना दुपट्यात गुंडाळतेय. हसत म्हणाली. म्हणजे, मला वाटलं हसत.

हो, म्हणूनच विकतोय. निधीजवळ जायचं, नातीजवळ. शब्द दिलाय मी रत्नाला. तुझ्याआधीही येऊन गेले लोक. त्यांना मी तळ दाखवला, खुंट दाखवला, हिवाळा असा रंगवला की एकजण चहा न घेताच निघाला. रत्नाला वाटतं, घराचं नशीबच वाईट.

गॅरेजमध्ये? ते... तू पाहिलंस होय. ओल्या भुशात रोपं आहेत. मार्केट — बाजार नव्हे, मिनेसोटात काढलेली नवी लाल जात, कडाक्याच्या थंडीत तगते. रत्नाला ठाऊक नाही. फोनवर मी मार्केट, मार्केट करत होतो, तिला वाटलं शेअर्स. म्हणाली, जपून हं. हिचे कोंब लवकर फुटतात, म्हणून उताराच्या वरच्या अंगाला लावायची. या खेपेला चुकणार नाही मी. पहिला घड? धरायला वर्षं लागतात. तोवर निधीची आन्या शाळेत जायला...

नको, पुरे झालं.

हे बघ, रोपं तुझी. मुळं रात्रभर पाण्यात ठेव आणि तळाकडे फिरकू नकोस. गाडी वळली, रत्नाच असेल. घर आवडलंय ना तुला? मघापासून तळ बघतोयस तरी मान डोलावतोयस. मग तूच सांग तिला, घर घेतोय म्हणून. मी सांगायला गेलो, तर परत फ्रॉस्टपासून सुरू करेन. जा, ड्राइव्हवेतच गाठ.