सात विटांचा हात

— अहो, टपाला धरून नका उचलू, सोपानराव! खालून धरा, खालून, चेसीला हात घाला — हां, अश्शी. आता ठेवा टेबलाच्या मधोमध. कडेला नको. मोर्चात तुम्ही युनियनवाले गाड्या उलट्या करता ते ठीक आहे, ही नका करू, सगळा उन्हाळा गेलाय माझा हिच्यात. बसा. त्या मोड्यावर नको, त्याचा पाय गेलाय, ती खुर्ची घ्या. गाडी न्यायला आलाय हे कळतं हो मला, उद्या चौकशी आहे म्हणजे आजच न्यायला हवी — पण काय नेताय ते आधी बघून तरी घ्या. उद्या प्रांतसाहेबांनी विचारलं, हे काय आणलंत, तर काय सांगाल? खेळणं आहे म्हणून? खेळणं नाही हे. ज्या गाडीतून माझा गुरुदत्त मोशीच्या पुढं रस्त्यावर पडला आणि गेला, ती पोलिसांची गाडी आहे ही. तिच्यासारखी नव्हे — तीच. मागं नंबरसुद्धा घातलाय बघा.

हसताय? नाही, हसलात तुम्ही, मिशीतल्या मिशीत हसलात. पोलिसांची गाडी आणि ही अशी लाल, पिवळी, पांढरी — अहो, निळ्या विटा पुरल्या नाहीत, काय करू? आणि रंगानं काय होतंय, माप बघा माप. गुरू शाळेत जायला लागला तेव्हा आमच्या कंपनीत एक जर्मन इंजिनियर होता, त्यानं परत जाताना पोराला म्हणून हा प्लॅस्टिकच्या विटांचा डबा दिला. आपल्या पिंपरीत तेव्हा असलं खेळणं बघितलं होतं का कुणी? पोरगं जेवायचं विसरायचं. नंतर डबा गेला माळ्यावर. आता काढला तर एक वीट दुसरीवर अशी कट्टकन बसते, की वीस वर्षांत केसाचाही फरक नाही! कमी पडल्या त्या तुळशीबागेतून आणल्या — पण आपल्याकडच्या मालाला मापच नाही, एक सैल, एक फुगलेली. मग कॅलिपर घेऊनच गेलो दुकानात, एकेक मोजून घेतली. दुकानदार म्हणाला, आजोबा, खेळणं घेताय का दागिना? म्हटलं, तू गिऱ्हाइकं बघ तुझी.

लाकडाची का नाही केली म्हणता? तुम्हीच विचारलंत म्हणून सांगतो. लाकूड तासता येतं. पुठ्ठा वाकवता येतो. उद्या तिकडचा वकील म्हणेल, बापानं केलीय, हवी तशी तासली. वीट तासता येत नाही. एक वीट म्हणजे खऱ्या गाडीतले चार इंच — मोजा तुम्ही, त्यांना मोजू दे, कुणीही यावं आणि मोजावं. मी सगळी नोकरी इन्स्पेक्शनला काढलीय, सोपानराव. गेज हातात घ्यायचं, पीस गेला तर पास, अडकला तर रिजेक्ट, तिथं साहेबाचा मेव्हणा असला तरी रिजेक्ट. माझ्यावर शॉपमध्ये काय काय शिव्या रचल्या होत्या ते तुम्हाला माहीतच आहे — त्यातल्या निम्म्या तुमच्याच असतील. असू देत. पण माझ्या हातून वाकडा पीस पुढं गेला असं कुणी म्हणू शकत नाही.

मापं घेतली कुठं? गाडीवरच घेतली. ती गाडी नंतर चौकीच्या मागं चिंचेखाली लावून ठेवली होती, चौकशी होईपर्यंत हलवायची नाही म्हणून. मी गेलो टेप घेऊन. म्हटलं, हाकलतील तर हाकलू देत, म्हाताऱ्याला काय करणार आहेत? आणि तिथं नेमका दत्तोबा हवालदार. हो, तोच — त्या दिवशी गाडीवर असलेला, तुमच्या पोस्टरवर ज्याला खुनी म्हणून रंगवलाय तो. मला बघून उभा राहिला, टोपी काढली. मी टेप लावायला लागलो तर दुसरं टोक धरायला कुणी नको का? त्यानं धरलं. म्हणाला, घ्या काका, नीट घ्या मापं.  दाराची रुंदी, जाळीची उंची, बाकाची लांबी — तो टोक धरतोय, मी लिहितोय. तोंड बघावंसं वाटत नव्हतं त्याचं, पण टेप मात्र सरळ धरली होती त्यानं, खोटं कशाला बोलू.

तर बघा आता. हे मागचं दार. कडी बाहेरून, इथं. कुलूप नाही, नुसती कडी. दारात वर ही खिडकी, तिला जाळी, आणि जाळीचा खालचा कोपरा फाटलेला — हा बघा, इथं मी मुद्दाम वीट सोडलीय. तुम्ही लोक गेटवर संपाला बसला होता, लाठ्या चालल्या, सापडले त्या सगळ्यांना ट्रकमध्ये घालून पुण्याला नेलं. आमचे चिरंजीव मागं राहिले — का, तर चष्मा पडला होता, तो शोधत होते! पुण्यात कोठडीत जागा नाही म्हणून याला एकट्याला या गाडीत घातलं, आणि निघाले चाकणकडे. पोलीस म्हणतात, ड्रायव्हर आणि दत्तोबा दोघंही पुढं बसले होते. आरोपीनं जाळीतून हात बाहेर काढला, कडी उघडली आणि पळून जायला उडी मारली. तुम्ही म्हणता, एवढा हात पोचतच नाही. दत्तोबा मागं बसला होता, त्यानं मारहाण केली आणि ढकलून दिलं. बरोबर ना? म्हणजे सगळं येऊन थांबतं ते इथं. जाळीतून कडीपर्यंत. सव्वीस इंच.

आं? — ये, ये गं, इथंच ठेव चहा. नाही, गाडीजवळ नको, स्टुलावर ठेव. या सोपानरावांना तेच सांगत होतो. हो. हात नाही पोचत. नाहीच पोचत गं, किती वेळा सांगू? हो, ढकललंच त्याला. उद्या सगळं बाहेर येईल, हे सगळे आहेत ना आपल्या बाजूनं. साखर संपली असेल तर शेजारच्या शालनबाईंकडून आण ना वाटीभर — यांना गोड लागतो चहा. जा, जा तू, काही घाई नाही.

गेली?

बघितलंत तिच्याकडं? गुरू गेल्यावर अन्न सोडलं होतं तिनं. कुणी कितीही म्हणा, पाण्याच्या घोटापलीकडं काही नाही. भिंतीकडं तोंड करून एकच — तो आपणहून नाही जायचा, मला सोडून आपणहून नाही जायचा. मग तुम्ही आलात, या इथंच उभे राहून म्हणालात, वहिनी, त्यानं उडी नाही मारली, ढकललं त्याला. त्या दिवशी उठली. पिठलं-भात केला आणि जेवली. तुमचे उपकारच आहेत ते, मी नाकारत नाही. आईला काय हवं असतं हो — कुणीतरी मारलं म्हटलं की निदान शिव्या द्यायला एक तोंड मिळतं. रोज सकाळी देवापुढं दिवा लावते आणि त्या दत्तोबाच्या नावानं बोटं मोडते. मला ऐकवत नाही, पण मी गप्प बसतो.

हात? हाताचं काय? — हात केलाय मी, विटांचाच. नाही, गाडीबरोबर नव्हता द्यायचा तो… इथं, ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही विचारणारच होता, कधीतरी कुणीतरी विचारणारच. नुसती गाडी केली, हात केलाच नाही, तर ते इन्स्पेक्शन कसलं? त्याचा निळा शर्ट काढला कपाटातून, काखेपासून मनगटापर्यंत बाही मोजली. आणि पंजा माझाच मोजला — बारशापासून सगळे म्हणायचे, पोराचा पंजा बापावर गेलाय. शर्ट मांडीवर घेऊन टेप लावत होतो तेवढ्यात ही आली. म्हणाली, काय करताय? म्हटलं, बटण तुटलंय, बघतोय. तिनं शर्ट घेतला, बटणं बघितली, सगळी जागच्या जागी.  घडी घालून ठेवून दिला.

हा घ्या. सात विटा. अठ्ठावीस इंच.

लावून बघा की. मी नाही लावत, मी खूप वेळा लावून बघितला. जाळीच्या कोपऱ्यातून घाला — काखेपर्यंत — आता खाली वळवा. बघा. कडीच्या पुढं दोन इंच बोटं राहतात.

पुन्हा लावून बघताय? तुमच्याच चौकशीसाठी केलेली गाडी आहे. अहो, पहिल्यांदा लागला तेव्हा मी सगळी पाठ उस्कटली गाडीची, पुन्हा रचली. पुन्हा लागला. पुन्हा चौकीवर गेलो, पुन्हा सव्वीसच. मग त्या दत्तोबाला तिथंच, चिंचेखाली, गळ्याला धरून विचारलं — हो, मी! या हातांनी! त्याच्या अंगावर युनिफॉर्म होता तरी! सांग म्हटलं काय झालं. रडला तो. मग बोलला. इंद्रायणीच्या अलीकडं कांद्याचा ट्रक उलटला होता, सगळा रस्ता अडलेला. गाडी उन्हात उभी. एप्रिलचं ऊन, पत्र्याची गाडी, दार बंद, आत हा एकटा. आतून पत्रा बडवत होता — दार उघडा, दार उघडा, मी पळत नाही, नुसतं दार उघडा. आणि हे दोघं पुढं बसून ऐकत होते. दत्तोबा म्हणतो, साहेबाचा हुकूम नव्हता काका, आरोपीचं दार मध्ये उघडायचं नाही. हुकूम! मग बडवणं थांबलं. यांना वाटलं, दमला असेल. रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हरनं गिअर टाकला, गाडी हिसक्यानं निघाली, आणि मागून आवाज आला.

तुम्हाला नाही माहीत तो कसा होता ते. तुम्हाला तो वर्गणी गोळा करणारा गुरुदत्त माहीत. बंद जागा सोसायचीच नाही त्याला, लहानपणापासून. मुंबईला जाताना खंडाळ्याचे बोगदे आले की माझ्या कुशीत तोंड घालायचा. एवढा सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी न्हाणीघराचं दार नुसतं लोटून आंघोळ करायचा, ही बाहेरून ओरडायची, अरे कडी लाव मेल्या! सिनेमाला गेला तर कडेची खुर्ची, नाहीतर परत येईल. आणि अशा पोराला त्या डब्यात कोंडला. तो पळत नव्हता हो. पळायला डोळ्यावर चष्मा तरी होता का? त्याला हवा पाहिजे होती. हात बाहेर काढला, कडी सापडली, दार सुटलं, हा दाराला टेकलेला — आणि गाडीनं हिसका दिला. उडी नाही. कुणी ढकललंही नाही. पडला तो.

हे सांगा ना उद्या! हेच सांगा! उन्हात कोंडून ठेवला, बडवत होता तरी दार उघडलं नाही, ज्याचा हुकूम होता त्याला उभा करा तिथं. दत्तोबाला मी सोडलेलं नाही, जन्मात सोडणार नाही, पण जे त्यानं केलं त्याची शिक्षा होऊ दे त्याला — जे केलं नाही त्याची कशाला? काय म्हणता? सिद्ध नाही होणार? दत्तोबा उद्या असं बोलायचा नाही? मी आणतो त्याला बोलायला. आणि समजा नाही बोलला… लोक ढकललं म्हणून रस्त्यावर उतरलेत, आता पडला म्हटलं तर संप मोडेल — हो, मोडत असेल. मला संपातलं कळत नाही. माझा मुलगा गेलाय, तुमचा संप गेलाय का? बाकीची पोरं पुण्यात सडतायत हे मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? दिसतं! त्यांच्या आया येतात इथं, याच खुर्चीवर बसतात. पण म्हणून मी —

अहो, काय करताय? सोपानराव, काय काढलंत ते? लावा. लावा ती वीट परत! एक काढली तर कोण मोजतंय म्हणता? मी मोजतोय! हात तोडताय तुम्ही त्याचा, कळतंय का? तेवढं एकच केलं त्यानं शेवटचं, एवढा धडपडून हात बाहेर काढला, आणि तुम्ही म्हणता पोचलाच नाही? पोचतो! पोचतो हात माझ्या पोराचा! त्यानंच उघडलं दार, कुणी नाही ढकललं त्याला, त्यानं स्वतःच्या हातानं —

…अगं.

तू कधी आलीस? अगं, साखर सांडतेय… दे ती वाटी इकडं. मी सांगतो तुला, बस आधी, बस इथं — नाही, शर्टाचं म्हणशील तर — अगं, असं बघू नकोस माझ्याकडं. 

सोपानराव, वीट ठेवा खाली आणि निघा. गाडी नाही मिळणार. जा, तुमचं तुम्ही बघून घ्या उद्या. चपला बाहेर आहेत. अहो, निघा म्हटलं ना.