पासपोर्ट आणि बंद दार

माझ्या पासपोर्टचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. तीन दिवस सुट्टी टाकून घरात बसलो आणि तिन्ही दिवस मोबाइलवर मेसेज आला, 'दार बंद, परत नेले'. पोस्टात गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "इथून नाही भेटत. पत्त्यावरच भेटते. आज नाही घेतला तर उद्या वापस जाईल."

त्या संध्याकाळी डोकं शांत करायला पळायला निघालो, तर प्रताप नगरच्या चौकात आमचे पोस्टमन चहा पिऊन राहिले होते.

"भाऊ, माझा पासपोर्ट?"

"आहे ना थैलीत. पण रस्त्यावर कसा देऊ? घर पाहिजे."

"मग चला आत्ताच."

त्यांच्या स्कूटरवर मागे थैल्या लादलेल्या, म्हणून मी शेजारून पळालो. दोन किलोमीटर त्या थैलीवरची नजर हटवली नाही. घरी पोचल्याबरोबर कुलूप उघडलं आणि धापा टाकत उंबऱ्याच्या आत उभा राहिलो.

त्यांनी मी समोर असताना बेल वाजवली, आधार कार्ड पाहिलं, सही घेतली आणि म्हणाले, "पाहा, माणूस घरी असला की भेटते."