पहिला नंबर कुणाचा

बास्केटबॉलच्या तिकिटांच्या रांगेत माझ्या पुढे सासरे-जावई उभे होते.

“बाबा, हा पोरगा आपल्या संघाचा आजवरचा सगळ्यात भारी खेळाडू आहे. लिहून ठेवा.”

“जावईबापू, अजून धड मिसरूड फुटलं नाही त्याला! चौथा. फार तर तिसरा.”

“तिसरा? परवा त्यानं अर्ध्या मैदानावरून बास्केट केली, तेव्हा सोफ्यावर उभं राहून कोण ओरडत होतं?”

“ओरडलो खरा. काय झालं म्हणून शेजारीण धावत आली.”

“आम्हाला किती बरं वाटलं! वर्षभर तुम्ही टीव्हीसुद्धा लावला नव्हता.”

“कुणाबरोबर बघणार? तुमच्या सासूबाई गेल्यापासून मॅच मुकी वाटायची. या पोरानं मला पुन्हा बोलतं केलं. उपकार आहेत हो त्याचे.”

“मग द्या की त्याला पहिला नंबर!”

“दुसरा देतो.”

“आता पहिला कोण?”

“तिचा लाडका, तो जुना डावखुरा कप्तान. जन्मभर माझ्याशी भांडून तिनं त्याला पहिल्या नंबरावर बसवलंय. आता ती नाही म्हणून परस्पर खाली उतरवू होय?”