आदर्श टाकीतलं फिनेल

...अहो, वास येतो म्हणून फिनेल! गोबरगॅसच्या टाकीला वास येतो म्हणून तिच्यात फिनेल ओतलं, तुम्हाला सांगतो, पाच बाटल्या! आता शेणाला शेणाचा नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार? टाकी माझी, धायरीतली, परसातली. डॉक्टर म्हणाले होते, "मैनुद्दीन, बायकोला आता चुलीचा धूर नको, फुप्फुसं गेलीत," म्हणून मी स्वतः वेल्डिंग करून बसवली. चार वर्षं मेहरुन गॅसवर रांधत होती, खोकला थांबला होता. रोज किती शेण, किती पाणी, गॅस भरून टाकीवरचा लोखंडी टोप किती वीत वर आला... वहीत आहे, तारखेसकट!

तर सरकारला शोध लागला. सात गरीब देशांचे पाहुणे पुण्यात येणार, वाया जाणाऱ्या शेणातून इंधन कसं करायचं ते एकमेकांकडून शिकणार, आणि बघायला कुठली टाकी? माझी! चार दिवस आधी सरकारी खात्याचे दीनानाथसाहेब नाकाला रुमाल लावून हजर. "परदेशी माणसं येणार, ही काय घाण? ओता रे फिनेल!" मी म्हटलं, साहेब, आतले जिवाणूच गॅस करतात, मरतील. "किती शिकलात, मैनुद्दीनभाई?" सातवी. "मग?"... झालं! चौथ्या दिवशी टोप तळाला. वहीत आहे, तारखेसकट!

पाहुण्यांसमोर शेगडी मात्र भडाभडा पेटली. कशी? साहेबांनी कोथरूडच्या घरचा सिलिंडर आणून पोत्याआड लपवला होता! टाळ्या! फोटो! फक्त नेपाळच्या इंजिनिअर सुनीतीबाई टोपाकडे बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "भाईसाब, टाकी में क्या डाला?" मी वही पुढे केली. बाईंनी बसून सगळी उतरवून घेतली, फिनेलसकट.

पाहुणे गेले, सिलिंडरही गेला. म्हटलं, टाकी उपसतो, नवं शेण भरतो, महिना-दीड महिन्यात चालू होईल. तर साहेब म्हणतात, "हात लावायचा नाही! ती आता आदर्श टाकी. समितीची परवानगी लागेल." सील ठोकलं हो टोपाला! अकरा अर्ज केले... वहीत आहेत, तारखेसकट!

आणि काल काठमांडूहून सुनीतीबाईंचं पत्र! "आपल्या वहीप्रमाणे केलं, आमच्याकडे चाळीस घरांत गॅस पेटला." मेहरुन चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती, तिला वाचून दाखवलं. खोकत खोकत म्हणाली, "चला, तिकडच्या बायका तरी सुटल्या." मग जरा श्वास घेऊन म्हणाली, "अहो, तो कागद कोरडा आहे ना? द्या इकडे, लाकडं ओली आहेत."

दिला.