फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, अण्णा, तुम्हाला या वयात कुणी सांगितला होता हा उद्योग! अहो, कुणी सांगायला कशाला हवं? पुस्तिका आहे ना! गाडीबरोबर आलेली, चौदा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. तुम्हाला सांगतो, मोटारसायकल घेणाऱ्या लाखो लोकांत ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला मी एकटाच निघेन. छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेला माणूस मी, कागद समोर आला की वाचायचा, ही खोड. पान अठ्ठेचाळीस, 'इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे', आठ पायऱ्या, चित्रांसकट. चित्रातल्या माणसाचे हात काय स्वच्छ! तिथंच मला संशय यायला हवा होता.

बरं, सोमवारीच का? तर शुक्रवारी गिरिजाबाईला दवाखान्यातून आणताना इंजिन खडखडायला लागलं. गिरिजाबाई म्हणजे आमची बायको. डायलिसिस असतं तिचं, आठवड्यातून तीनदा, दुपारी दोन वाजता. दोन म्हणजे दोन, उशीर झाला की मशीन दुसऱ्याला, आणि मग रात्री छातीत पाणी भरून ती उशीला टेकून बसते आणि मी तिच्याकडं बघत बसतो. शनिवारी मेस्त्रीकडं गेलो, तर मेस्त्री मेव्हणीच्या लग्नाला कुंभारीला. रविवारी बाजार बंद. राहिली सोमवार सकाळ! रिक्षानं न्यावं म्हणाल, तर ती चढत नाही. म्हणते, "रिक्षात मी पेशंट दिसते. गाडीवर तुमची बायको दिसते."

तर सकाळी नऊला सात रस्त्यावर, चन्नप्पाच्या स्पेअरच्या दुकानात. म्हटलं, ऑइल द्या आणि फिल्टर द्या. चन्नप्पा पान लावत म्हणतो, "फिल्टर कशाला, अण्णा? जुनाच रॉकेलात धुवा, वाऱ्यावर ठेवा, घाला. चालतंय की!" मी तिथल्या तिथं पुस्तिका काढली. ठळक अक्षरात आहे हो, 'फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये.' वाचून दाखवलं. दुकानातली चार गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. चन्नप्पा म्हणाला, "पुस्तक लिहिणारा सोलापुरात आलाय का कधी?" मी म्हटलं, धुतलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही, नवाच द्या. दिला बिचाऱ्यानं. ऊन तेव्हाच असं होतं की गाडीच्या सीटवर भाकरी भाजावी...

घरी आलो. अंगणात जुनी चादर अंथरली, आपलीच, सोलापुरी, वीस वर्षं अंगावर घेतलेली, तिचा शेवट असा व्हायचा होता. घमेलं ठेवलं. गिरिजाबाई दारात खुर्ची टाकून बसली, हाताची घडी, म्हणजे परीक्षकच! आडवा झालो, गाडीखाली डोकं घातलं, सतरा नंबरचा पाना लावला, आणि बोल्ट फिरेना. फिरेना म्हणजे काय, जाग्यावरून हलेना! वीस मिनिटं! आणि मग वरून आवाज, "अहो, आवळताय की सोडवताय?"

आवळत होतो. खाली झोपलं की डावं-उजवं फिरतं. पुस्तिकेत हे कुठंही लिहिलेलं नाही.

शेवटी सुटला. सुटला तो असा की ऑइल घमेल्यात कमी आणि माझ्या बाहीत जास्त. इंजिन आधी पाच मिनिटं तापवावं म्हणून लिहिलंय, तापवलं होतं. पण मग ते ऑइल कोपरापर्यंत भाजतं, ते नाही लिहिलेलं! काळं, अगदी डांबर. गिरिजाबाई वाकून बघत म्हणाली, "माझं रक्तपण असंच दिसत असेल का हो?" मी म्हटलं, फिल्टर नवीन आणलाय. म्हणाली, "गाडीची मजा आहे."

एवढ्यात रावजी. रावजी म्हणजे शेजारी, होटगीला रेल्वेत होते, आता माझ्यासारखेच रिकामे. हातात रिकामा डबा. "अण्णा, काळं ऑइल टाकताय व्हय? टाकू नका! चौकटीला वाळवी लागलीया, लई कामाचं हाय ते." आता आपल्याकडची रीतच आहे की ही, कुणी ऑइल सोडलं की गल्लीतलं कुणीतरी डबा घेऊन उभं. मी गाडीखालूनच म्हटलं, न्या. नेलं त्यांनी. मी समाधानानं फिल्टरचं झाकण उघडलं, जुना काढला, नवा बसवला, झाकण लावलं, बारा वाजून दहा मिनिटं, आता फक्त बोल्ट आणि त्याच्यावरचा तांब्याचा वायसर.

वायसर कुठाय?

चादर झटकली. खिसे बघितले. गिरिजाबाईला उठवून खुर्चीखाली बघितलं. आणि मग लख्ख उजेड पडला, बोल्ट सुटला तेव्हा घमेल्यात काहीतरी डुबुक झालं होतं! वायसर गेला रावजींच्या डब्यातून रावजींच्या घरी. बरं, त्याच्याशिवाय बोल्ट लावला तर ऑइल गळणार, ते पुस्तिकेत लाल चौकटीत आहे. नवा आणायचा तर सात रस्त्याला जायचं. जायचं कशावर? गाडीवर. गाडीत ऑइल नाही. ऑइल घालायचं तर वायसर पाहिजे!

धावलो. रावजी कुंचल्यानं चौकट रंगवून मोकळे झालेले, उरलेलं ऑइल उंबऱ्याशेजारी खणलेल्या वाळवीच्या भोकात ओतलेलं. मी म्हटलं, रावजी, वायसर! ते म्हणतात, "आसं व्हय! मगाशी टण्कन वाजलं. मला वाटलं, वाळवीचा राजा गेला." हसायची वेळ आहे का ही? दोघं सत्तरीतले म्हातारे, उंबऱ्याशी पालथे, भोकात हात घालून चिखल चाचपतोय, आणि फाटकातून गिरिजाबाईचा आवाज, "एक वाजला!" पुन्हा, "सव्वा झाला!" आणि मग नुसतंच, "अहो..." त्या 'अहो'ला दम लागलेला होता. तुम्हाला सांगतो, त्या आवाजासरशी मी खांद्यापर्यंत हात भोकात घातला. पुस्तिकेत हे कुठंही लिहिलेलं नाही.

रावजींनाच सापडला. चड्डीला पुसून हातात ठेवला, आत एक वाळवी चिकटलेली. माझ्यामागं धावत आले आणि गाडीखाली स्वतः शिरले. बोल्ट त्यांनी आवळला, ऑइल मी ओतलं, किक मारली... आणि काय सांगू, खडखड गेली! नव्यासारखी! हात धुवायला गेलो तर नळाला पाणी नाही, आमचा पाण्याचा दिवस गुरुवार. तसाच निघालो. गिरिजाबाईनं मागून कंबर धरली, कपाळ माझ्या पाठीला टेकलं, आणि मी सिग्नल किती तोडले ते विचारू नका.

दोनला दोन मिनिटं कमी. एरवी मी बाहेर बाकावर बसतो, आत सोडत नाहीत. आज तिला चालवेना, म्हणून धरून थेट खाटेपर्यंत गेलो. तिथली दानेश्वरी, मशीनवरची सिस्टर, चांगली पोरगी, माझे हात बघून किंचाळलीच, "काका, कशालाही हात लावू नका!" मी हात वर करून भिंतीला उभा, पोलिसांनी पकडल्यासारखा. तिनं कपाटातून एक पारदर्शक नळकांडं काढलं. त्याच्यावर चिठ्ठी, गिरिजाबाईचं नाव, खाली आकडा, सहा.

"हे काय?"

"फिल्टर, काका. रक्त गाळायचा."

"आणि सहा म्हणजे?"

"पाचदा वापरून धुतलाय, आज सहाव्यांदा. तपासून लावतो की आम्ही, नियमातच आहे. फॉर्मवर तुमचीच सही आहे, बघा."

होती. माझीच. छत्तीस वर्षं टेबलापलीकडच्या माणसाला 'वाचून सही करा' म्हणणाऱ्या माझी. त्या दिवशी ती पहिल्यांदा या मशीनशेजारी आडवी झाली होती, आणि सिस्टर म्हणाली होती 'इथं', आणि मी केली.

गिरिजाबाईला म्हटलं, तुला माहीत होतं? ती डोळे मिटून म्हणाली, "आठ महिने झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इथंपण पुस्तिका मागितली असती."

मागितली असती. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी घरी आलो, तिला झोपवलं. अंगणात तो जुना फिल्टर तसाच पडला होता, कचऱ्यात टाकायला उचलला... आणि रॉकेलात धुतला. दोनदा. वाऱ्यावर ठेवलाय आता, वरती चिठ्ठी चिकटवलीय, गाडीचा नंबर, आणि खाली आकडा, दोन. पुढच्या खेपेला तोच घालीन म्हणतो.

चालतंय की.