मावशीच्या खिशातला चाकू

मी, खाली सही करणारी, शाळेच्या गाडीवरची मावशी म्हणून ओळखली जाणारी बाई, वय बावन्न वर्षे, काम गाडीत मुलांना चढवणे-उतरवणे व सांभाळणे, राहणार बेकरीच्या वरच्या मजल्यावर, मुलगा व सून यांच्यासोबत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी राहते. गाडी ड्रायव्हर काका चालवतात, मागे मुलांपाशी मी असते. बालवाडीपासून दुसरीपर्यंतची मुलं आमच्या गाडीत असतात. प्रत्येकाला सीटवर बसवून कमरेचा पट्टा लावणं आणि शाळेत पोचल्यावर सोडवणं हे माझं काम. आज सकाळी सव्वासातच्या सुमारास औषधांच्या दुकानासमोर एक मुलगी चढली. वय सहा वर्षे. ती एका जागी टिकत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. ती आता हॉस्पिटलात आहे. तिच्या उजव्या मनगटावर ऑपरेशन चालू आहे आणि बोटं पुन्हा हलतील की नाही हे डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. मी तिच्यावर चाकू उगारला अशी तिच्या वडिलांची तक्रार आहे. चाकू माझाच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला आडून आडून विचारायला नको.

साहेबांनी विचारलं की मुलांमध्ये वावरणाऱ्या बाईच्या खिशात चाकू कशाला. तर ऐका. गाडी जुनी आहे, पट्ट्यांची बक्कलं अडकतात. मागे एका मुलाला गाडीत उलटी झाली. तो पट्ट्यात आवळलेला, त्याला पुढे वाकता येईना, घास घशात, आणि बक्कल काही केल्या सुटेना. मी आणि ड्रायव्हर काका दोघंही घामाघूम. शेवटी काकांनी पान्याने ठोकून ते फोडलं. तोवर पोरगा काळानिळा पडला होता. मी शाळेच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "बघू." पुन्हा गेले, पुन्हा "बघू." त्यांचं बघणं काही संपेना, म्हणून मी माझं मीच बघितलं.

चाकू मी सुनेला सोबत घेऊन, भर दुपारी, उघड दुकानातून घेतला. बाजारात कुलपं, बिजागऱ्या, बॅटऱ्या विकणारं दुकान आहे, तिथून. दुकानदाराला म्हटलं, "रोज खिशात ठेवता येईल असा घडीचा चाकू दाखवा, आणि माझ्या पगाराला झेपेल असाच दाखवा. उगाच नाचवू नका." त्याने आधी एक जाडजूड काढला. त्यात कात्री, पेचकस, बाटलीचं बूच काढायचं, नाही नाही ते सगळं होतं, पण पातं नखाने ओढून काढावं लागायचं. भांडी घासून माझ्या बोटांना नखं उरलीत कुठे? शिवाय किंमत ऐकून सून दुकानाच्या दाराकडे बघायला लागली. दुसरा होता तो बटण दाबलं की फटकन उघडणारा. दुकानदार स्वतःच म्हणाला, "हा नका घेऊ ताई, हा खिशात सापडला की पोलीस आधी धरतील आणि मग विचारतील." मी तो हातातही घेतला नाही.

तिसरा सगळ्यात स्वस्त. टोक गोल, मूठ लाल, मला एकदम आवडला. पण उघडल्यावर पातं पक्कं बसतं का हे बघायला मी त्याची पाठ काउंटरच्या कडेवर दाबली, तर तो मुकाट्याने मिटला. मध्ये माझं बोट असतं तर गेलंच होतं. त्याला खटकाच नव्हता. सून म्हणाली, "आई, जावई निवडताना एवढी परीक्षा घेतली नव्हती तुम्ही." मी म्हटलं, "म्हणूनच आता शहाणी झालेय." दुकानदार हसला, मीही हसले. हेही लिहा साहेब. चाकू घ्यायला मी रागाने गेले नव्हते.

घेतला तो चौथा. मूठ काळ्या प्लास्टिकची, खडबडीत, ओल्या हातातूनही घसरत नाही. पातं माझ्या करंगळीपेक्षा थोडं मोठं, मुळाकडे दातेरी, कारण गुळगुळीत धार पट्ट्यावरून सरकते आणि दाते पट्टा पकडून ठेवतात. दुकानदाराने शेजारच्या बॅगवाल्याकडून पट्ट्याचा तुकडा आणून दिला, तो मी तिथल्या तिथे कापून बघितला. उघडला की खटका बसतो आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. पोलाद साधंच आहे, असं दुकानदार स्वतःहून म्हणाला, घामाने गंज धरेल, अधूनमधून तेलाचं बोट फिरवत जा म्हणाला. मला काय त्याने लाकडं फोडायची होती? किंमत परवडण्याजोगी होती, तरी मी थोडी घासाघीस केलीच.

पात्यावर अंगठ्यासाठी एक छोटी गुंडी आहे, त्यामुळे तो एका हाताने उघडतो. असा चाकू मारामाऱ्या करणारे बाळगतात, असं साहेब म्हणाले. बाळगत असतील. माझा दुसरा हात मोकळा नसतो, साहेब. तो पोराच्या पोटाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये घालायचा असतो. पट्टा उचलून धरायचा आणि पातं आतून बाहेर, आपल्याकडे ओढायचं. म्हणजे सुटलंच तर आधी माझी बोटं जातील, पोराला लागणार नाही. घरी मी उशीला जुन्या पर्सचे पट्टे बांधून हे करून बघायचे. सून म्हणायची, घरातली एकही उशी सुखाने झोपत नाही.

चौथ्याला टोक होतं. ते मी धार लावणाऱ्याकडून घासून गोल करून घेतलं. तो म्हणाला, "बाई, नव्या चाकूची वाट लावताय." मी म्हटलं, "लाव तू." तुमच्या टेबलावर पुडीत बांधून ठेवलाय तो उघडून बघा, त्याला टोक नाही. ज्याला भोसकायचं असतं तो टोक घासून घेत नाही. खिशाला अडकवायची क्लिपही मी काढून टाकली, पोरांना दिसायला नको म्हणून. आतल्या चेनच्या खिशात ठेवायचे. पोरं विचारायची, "मावशी, खिशात काय आहे?" मी सांगायचे, "चोंबड्या पोरांच्या जिभा."

आज सकाळचं सांगते. भिंगरीला बसवून पट्टा लावला, तिने खिडकीतून वडिलांना टाटा केला, गाडी निघाली. पुढच्या कोपऱ्यावर ड्रायव्हरच्या सीटखालून धूर यायला लागला. आधी रबर जळाल्यासारखा वास, मग काळा धूर, बघता बघता पुढची काच दिसेना. काकांनी गाडी कडेला घेतली आणि ओरडले, "मावशी, पोरं खाली!" मी सरकतं दार उघडलं आणि एकेक बक्कल सोडत गेले. कुणी रडत होतं, कुणी दप्तर सोडत नव्हतं. मी ओरडले, चांगल्या दोन शिव्याही दिल्या, पण सगळी खाली उतरली. काकांनी त्यांना फुटपाथवर भिंतीशी उभं केलं आणि ते बॉनेटकडे धावले.

मधल्या सीटवर भिंगरी राहिली. तिचं बक्कल सुटेना. मी दाबलं, ओढलं, ठोकलं. सीटखाली आग दिसायला लागली होती. पोरगी खोकत होती आणि मला म्हणत होती, "मावशी, मी गडबड नाही केली, मी गप्प बसले होते." तिला वाटलं मी तिच्यावर ओरडतेय. मी पाठीमागे दाराच्या पायरीवर एक पाय टेकला, डावा हात पट्ट्याखाली घातला, उजव्या हाताने चाकू काढून अंगठ्याने उघडला. तिला म्हटलं, "हात वर कर, छताला लाव." तिने केले. मी पट्टा कापायला घेतला. निम्म्याहून जास्त कापला. तेवढ्यात चाकू सुटला आणि तिला लागला. माझीही डाव्या हाताची दोन बोटं कापली आहेत. मी तिला ओढून बाहेर काढली. तिच्या वडिलांनी तिला माझ्या हातातून हिसकावून घेतलं.

चाकू कसा सुटला, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, माझा हात निसटला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मावशी, असं लिहिलं तर निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावर लागेल. नोकरी तर जाईलच. तक्रारीत तर त्याहून वाईट लिहिलंय. ड्रायव्हर सांगतो, तुम्हाला मागून कुणीतरी ओढलं. कोण ते त्याला धुरात दिसलं नाही. ओढलं का कुणी?"

मी दार लावायला सांगितलं. पण या खोलीला दारच नाही, नुसती प्लायवूडची अर्धी भिंत आहे. तिच्या पलीकडे बाकावर भिंगरीचे वडील बसले आहेत. मला आत टाकल्याशिवाय हलणार नाही म्हणून ते हॉस्पिटलातून इथे आले आहेत. त्यांच्या शर्टावर अजून रक्त आहे. फोन वाजला की उभे राहतात, हॉस्पिटलात थांबलेल्या बायकोचा नाही कळलं की बसतात. यापुढचं मी हळू आवाजात सांगितलं आहे.

मला मागून ओढलं. उजव्या हाताचं कोपर धरून, जोरात. पट्टा त्याच क्षणी तुटला आणि पातं मोकळं झालं. पोरीने मागे कुणाला तरी बघितलं आणि वर केलेले हात खाली आणून पुढे केले. ती "बाबा" म्हणाली. त्या पुढे केलेल्या हातावरून पातं गेलं.

साहेबांनी इथे "सदर इसमाने" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. तो कुणी इसम नाही, पोरीचा बाप आहे. धूर बघून तो रस्ता ओलांडून धावत आला. आत वाकून बघतो तर धुरात आपली पोर, आणि तिच्यावर उघडं पातं घेतलेली बाई. तो काय थांबून चौकशी करणार होता? त्याच्या जागी मी असते तर कोपर नाही, बाईची मानच धरली असती. माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही. त्याला आपल्या हाताने काय झालं हे अजून माहीत नाही. त्याला वाटतं मी केलं. आज तरी वाटू दे.

मग आधी हात निसटला असं का म्हणालात, असं साहेबांनी विचारलं. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी तसं म्हणाले. पण तसं कागदावर राहू देणार नाही. लोक आपली पोरं माझ्या हातावर सोडून कामाला जातात. तो हात निसटला नाही. खरं ते तुम्ही लिहून घ्या, कोर्टात लागेल तेव्हा काढा. त्याला सांगायचं ते सांगाच, पण पोरीची बोटं हलली की सांगा. आणि नाही हलली तर माझ्यासमोर सांगा, मी त्याच्याजवळ उभी राहीन. एकट्याला सांगू नका.

जबाब संपल्यावर साहेब तो मोठ्याने वाचून दाखवायला लागले, ती इथली रीत आहे म्हणाले. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. मला वाचता येतं. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठही न हलवता, मनात वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. तो मोठ्याने वाचलेला नाही.

सही